रोजच्या वापरासाठी जुनी डिझेल हॉट हॅच : काटकसर खरोखर साधते का?

सहावागिअर :

नमस्कार. अनेक वर्षे वापरलेली माझी लहान पेट्रोल हॅचबॅक आता बदलायची वेळ आली आहे आणि तिच्या जागी काय घ्यावे, या विचारात मी दीड-दोन महिने अडकून पडलो आहे. कामावर जाण्यायेण्याचे माझे अंतर दिवसाला ७६ किलोमीटर आहे. त्यातले साधारण ५५ किलोमीटर मोकळ्या महामार्गाचे आहेत, तर उरलेले शहरातल्या वाहतुकीतून रांगत जाण्याचे. सुट्टीच्या दिवसांतले फिरणे धरून वर्षाला २०,००० किलोमीटर सहज होतात.

गाडी चालवण्याची मला मनापासून आवड आहे. रोज दीड-दोन तास ज्या गाडीत बसायचे, ती वळणावर घट्ट बसणारी, ओव्हरटेक करताना दम न लागणारी असावी असे वाटते. मात्र इंधनावर होणारा खर्च पाहता पेट्रोलवरची हॉट हॅच, म्हणजे जास्त ताकदीची, चपळ हॅचबॅक, रोजच्या वापराला परवडेल असे मला वाटत नाही. म्हणून डिझेलवर चालणाऱ्या, पण हॉट हॅचचे सस्पेन्शन, ब्रेक आणि ताकद असलेल्या जुन्या गाड्या पाहत आहे. शोधता शोधता दोन फोक्सवॅगन गोल्फ जीटीडींवर येऊन थांबलो आहे आणि दोन्हींची सांगितलेली किंमत जवळपास सारखीच आहे.

पहिली सहाव्या पिढीची, २०१० सालची, १७० अश्वशक्तीची आणि हाताने गिअर टाकण्याची आहे. तिचे रनिंग फक्त ६२,००० किलोमीटर असून मालक पहिल्यापासून एकच आहे. दुसरी सातव्या पिढीची, २०१४ सालची, १८४ अश्वशक्तीची, डीएसजी गिअरबॉक्सची (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) आहे आणि तिचे रनिंग १,५८,००० किलोमीटर झाले आहे. मन पहिलीकडे ओढ घेते, कारण इतक्या कमी चाललेल्या गाड्या क्वचितच मिळतात. परंतु जुन्या डिझेल गाड्यांच्या फिल्टरबद्दल आणि फ्लायव्हीलबद्दल इतके काही वाचनात आले आहे की इंधनात वाचवलेले पैसे गॅरेजमध्ये जातील अशी धास्ती वाटते. ज्यांनी अशी गाडी रोज वापरली आहे किंवा दुरुस्त केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबी :

आधी इंधनाचा हिशेब मांडून घेऊ, म्हणजे नेमकी किती बचत पणाला लागली आहे ते कळेल. तुमच्यासारख्या मिश्र वापरात जीटीडी लिटरमागे १८ किलोमीटर देईल असे धरू. तितक्याच ताकदीची पेट्रोल हॉट हॅच त्याच रस्त्यावर १३ च्या आसपास देते. २०,००० किलोमीटरला जीटीडीला सुमारे १,१११ लिटर लागतील आणि पेट्रोलवालीला सुमारे १,५३८ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण ४२७ लिटरचा फरक पडेल. त्याला तुमच्याकडचे डिझेल-पेट्रोलचे दर लावून पाहा. जिथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग आहे तिथे हा फरक बराच आकसतो.

मात्र तुलना याच दोघींची करायची का, याचा विचार व्हावा. त्याच घराण्यातली साधी, कमी ताकदीची डिझेल हॅचबॅक याच वापरात २२ किलोमीटर देऊ शकते आणि तिला वर्षाला ९०९ लिटर पुरतात. म्हणजे जीटीडी घेतल्यावर साध्या डिझेलपेक्षा तुम्ही वर्षाला सुमारे २०० लिटर जास्त जाळणार. त्यात मोठ्या चाकांवरचे रुंद टायर, मोठ्या ब्रेक डिस्क आणि बहुतेक ठिकाणी जास्त असणारा विमा यांची भर घाला. त्यामुळे ‘काटकसरीची गाडी’ म्हणून जीटीडी पहिल्या क्रमांकावर येत नाही. ती ‘आवडीची गाडी, जी काटकसरीने चालवता येते’ या वर्गात बसते. मी स्वतः हा खर्च आनंदाने करीन, पण डोळे उघडे ठेवून करीन.

कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. सातव्या पिढीच्या हाताच्या गिअरच्या जीटीडीसाठी १०० किलोमीटरला ४.२ लिटर, म्हणजे लिटरमागे जवळजवळ २४ किलोमीटर असा आकडा होता. तो जुन्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना जी अधिक कडक चाचणी लागू झाली, ती मुळात याच तफावतीमुळे आणावी लागली. डिझेल लिटरमागे जास्त अंतर कापते याच्या कारणांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते, आणि डिझेल इंजिन हलक्या भारावर चालताना हवा अडवून धरत नाही, त्यामुळे पेट्रोल इंजिनाला हवा ओढून घेण्यात जी शक्ती वाया घालवावी लागते ती येथे वाचते. हा दुसरा फायदा सावकाश, एकसारख्या वेगात सर्वांत जास्त मिळतो. सतत पाय दाबून चालवल्यास अंतर बरेच कमी होते.

काजळी :

माझा अनुभव तुमच्या पहिल्या गाडीला तंतोतंत लागू पडतो, म्हणून सविस्तर लिहितो. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता, वापराचा होता.

मीसुद्धा कमी रनिंगला भुललो होतो. आठ वर्षांत ४८,००० किलोमीटर चाललेली, आतून नवी कोरी वाटणारी दोन लिटरची डिझेल हॅचबॅक मी घेतली. आधीचे मालक निवृत्त होते आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरवर नेऊन परत आणत असत. कमी रनिंगला मी गुण समजलो आणि तोच तिचा रोग होता.

सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, भरला की ती काजळी त्यातच जाळून टाकावी लागते. महामार्गावर धुराचे तापमान चढते तेव्हा थोडी काजळी आपोआप जळत राहते. तेवढ्याने भागले नाही तर इंजिन दर काहीशे किलोमीटरला सिलिंडरमध्ये उशिराने जास्तीचे डिझेल सोडून धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेते आणि दहा ते वीस मिनिटांत फिल्टर साफ करते. घरापासून बाजारापर्यंतच्या फेरीत इंजिन नीट गरमच होत नाही. साफसफाई सुरू होते न होते तोच चावी बंद होते. मग पुढच्या फेरीत पुन्हा तोच प्रयत्न होतो आणि पुन्हा अर्धवट राहतो.

या अर्धवट प्रयत्नांतले न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. एके दिवशी सकाळी मी बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. गाडी ऑइल खाते हे ऐकले होते, वाढवते हे पहिल्यांदाच पाहत होतो. दोन बोटांत थेंब चोळला तर तो बोटांना धरत नव्हता, रॉकेलसारखा पातळ होता आणि डिझेलचा वास स्पष्ट येत होता. अशा ऑइलवर टर्बोचे बेअरिंग किती दिवस टिकणार? माझे टिकले नाही. टर्बो, फिल्टर आणि ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) या तिघांचा खर्च मिळून गाडीच्या किमतीच्या निम्म्याजवळ गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते मी प्रत्यक्ष भोगले आहे.

तुमचा स्वतःचा वापर मात्र डीपीएफसाठी चांगला आहे. जातानाचे २७ आणि येतानाचे २७ किलोमीटर मोकळा रस्ता मिळत असेल, तर फिल्टर रोजच्या रोज तापेल. प्रश्न तुमच्या आधीच्या मालकाचा आहे. १५ वर्षांत ६२,००० म्हणजे दिवसाला जेमतेम ११ किलोमीटर. ते ११ किलोमीटर रोजचे होते की महिन्यातून एकदा लांबच्या प्रवासाचे, हे विचारल्याशिवाय त्या गाडीवर बयाणा देऊ नका.

पानापक्कड :

मी गेली बावीस वर्षे गॅरेज चालवतो आणि डिझेल गाड्यांचेच काम जास्त करतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. गाडी पाहायला जाताना काय पाहावे, ते क्रमाने नव्हे तर माझ्या दृष्टीने ज्याचे वजन जास्त त्याप्रमाणे सांगतो.

पहिली अट ही की इंजिन थंड असताना जायचे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागले तर नम्रपणे सांगून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ घेते, थरथरते का, काळा-निळा-पांढरा यांपैकी कोणता धूर काढते, हे गरम इंजिन कधीही दाखवत नाही. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवलेली गाडी काय लपवते आहे, याचा ताकास तूर लागत नाही.

सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा. धडधाकट डीपीएफ असलेल्या गाडीची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट राखाडी होईल, पण काळेकुट्ट होणार नाही. बोटावर काजळीचा जाड थर आला, तर फिल्टर फुटला आहे किंवा कोणीतरी आतून कापून काढला आहे असे समजा. असा फिल्टर काढणे अनेक देशांत बेकायदा आहे, त्यामुळे ती गाडी तपासणीत अडकू शकते आणि तो भुर्दंड तुम्हालाच बसेल.

त्यानंतर स्कॅनर. फलकावरचे इशाऱ्याचे दिवे बंद आहेत का एवढेच पाहून थांबणारा मेकॅनिक सोबत नेऊ नका. त्याला तीन आकडे वाचायला सांगा : फिल्टरमध्ये साठलेली काजळी किती, साठलेली राख किती, आणि शेवटची साफसफाई किती किलोमीटरपूर्वी पूर्ण झाली. काजळी आणि राख यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. काजळी जळते. राख जळत नाही, कारण ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांपासून येते आणि फिल्टरमध्ये कायमची राहते. म्हणूनच या इंजिनांना कमी राख करणारे ऑइल लागते. फोक्सवॅगनच्या बाबतीत डब्यावर ५०७.०० हा मानांक असला पाहिजे. सर्व्हिसच्या पावत्यांवर हा आकडा सापडला तर मालकाने गाडी समजून सांभाळली आहे असे मी मानतो. १,५८,००० किलोमीटरवर राख बरीच साठलेली असणार, ती मर्यादेच्या किती जवळ आहे हे त्याच आकड्यावरून कळेल. सोबत प्रत्येक इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) दुरुस्तीचा आकडा वाचून घ्या, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना इंजिनाचा संगणक त्याचे डिझेल किती कमी-जास्त करतो तो. चारांपैकी एकाचा आकडा इतरांपासून फटकून असेल तर तो इंजेक्टर संपत आला आहे.

आता क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील. डिझेलचा प्रत्येक स्फोट जोरकस असतो. त्याचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून हे फ्लायव्हील दोन भागांत करून मध्ये स्प्रिंगा बसवलेल्या असतात. स्प्रिंगा थकल्या की गाडी बंद करताना शेवटच्या क्षणी खडखड असा आवाज येतो. खिडकी उघडी ठेवून, रेडिओ आणि पंखा बंद करून हा आवाज ऐका. हाताच्या गिअरच्या गाडीत क्लच तपासण्यासाठी पाचव्या किंवा सहाव्या गिअरमध्ये मिनिटाला १,८०० फेऱ्यांवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाच्या फेऱ्या वर धावल्या आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी अशा गाड्यांत विशेष गरजेची आहे, कारण जीटीडीसारख्या गाड्यांचे इंजिन रिमॅप करून घेणारे, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेणारे, पुष्कळ असतात. १७० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मूळचाच ३५० न्यूटन-मीटर आहे आणि तो १,७५० फेऱ्यांवर मिळतो. त्यात रिमॅप करून आणखी भर घातली की सर्वांत आधी क्लच आणि फ्लायव्हील बोलू लागतात.

तुमच्या दुसऱ्या गाडीतला सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे. कोरड्या क्लचचा सात गिअरचा जो लहान डीएसजी आहे, तो २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी बनवलेला होता, त्यामुळे ३८० न्यूटन-मीटरच्या या गाडीशी त्याचा संबंध नाही आणि त्याच्याबद्दलच्या तक्रारी वाचून घाबरू नका. मात्र तेलातल्या डीएसजीचे तेल आणि त्याचा फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावाच लागतो. १,५८,००० वर त्याच्या दोन पावत्या असायला हव्यात. पावत्या नसतील तर बदलल्याचे तोंडी आश्वासन मी धरत नाही.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, दोन्ही गाड्यांत आहे. तो किलोमीटरने म्हातारा होतो तसा वर्षांनीही होतो. ६२,००० किलोमीटर चाललेल्या २०१० च्या गाडीचा मूळ बेल्ट अजून तसाच असेल, तर तो आकड्याने तरुण आणि रबराने जख्ख म्हातारा आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. बेल्टबरोबर पाण्याचा पंप बदलल्याचीही नोंद पाहा. कोणी बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या १२०डी, १२३डी सुचवल्या तर एवढेच लक्षात ठेवा की त्यांच्या एन४७ इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे आणि ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. तिला हात लावायचा तर मोठे काम काढावे लागते.

शेवटी टायर. पुढच्या टायरांच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवा. डिझेल इंजिन जड असते, सस्पेन्शन कडक असते आणि त्याच्या सांध्यांतले रबरी बुश झिजले की झीज आतल्या कडेला होते, जी उभे राहून दिसत नाही.

सहावागिअर :

तिघांचेही मनापासून आभार. पहिल्या गाडीच्या मालकांशी आज बोललो. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की गाडी बहुतेक शहरातच फिरली आणि लांबचा प्रवास वर्षातून एखाददुसराच झाला. बेल्ट बदललेला नाही. ‘इतक्या कमी चाललेल्या गाडीचा बेल्ट कशाला बदलायचा’ असा त्यांचा प्रश्न होता आणि परवापर्यंत माझाही तोच असता.

आणखी एक विचारायचे आहे. रविवारी आणि संध्याकाळी घरातली इतर मंडळी हीच गाडी दोन-तीन किलोमीटरच्या कामांसाठी वापरतील. रोजच्या महामार्गाने हे भरून निघेल का, की तेवढ्यानेही फिल्टर बिघडेल?

मोकळारस्ता :

मी सातव्या पिढीची जीटीडी गेली पाच वर्षे रोज चालवतो आणि माझाही रोजचा रस्ता असाच मिश्र आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देतो. अधूनमधूनच्या लहान फेऱ्यांनी काही बिघडत नाही, अट एवढीच की साफसफाई चालू असताना गाडी बंद करू नये. ती चालू असल्याचे फलकावर दिसत नाही, पण गाडी सांगते. थांबल्यावर इंजिनाच्या फेऱ्या नेहमीपेक्षा जास्त, १,००० च्या जवळ राहतात, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय काम करत नाही आणि तात्कालिक ॲव्हरेज एकाएकी घसरते. कळण्याआधीच बंद केली तर बॉनेटखालचा पंखा मोठ्याने फिरत राहतो आणि तापलेल्या लोखंडाचा वास येतो. घरच्या सर्वांना मी या खुणा दाखवून ठेवल्या आहेत. पंखा फिरत असेल तर मुलगी वर येऊन सांगते आणि मी लगेच गाडी बाहेर काढून पंधरा मिनिटे महामार्गावर फिरवून आणतो.

चालवण्याच्या सवयीबद्दलही थोडे सांगतो. ॲव्हरेजच्या लोभाने सहाव्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवर गाडी ओढू नका. तिथे इंजिन हुंकार देत चालते, काजळी जास्त होते आणि फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा हिसके खातात. डीएसजी स्वतःहून लवकर वरचा गिअर टाकतो, म्हणून चढावर मी तो हाताने एक गिअर खाली ठेवतो. या गाडीची मजा वरच्या फेऱ्यांत नाही. पेट्रोलची हॉट हॅच ६,००० च्या पुढे गात जाते, ही ४,००० नंतर दमते. हिची मजा मध्यावर आहे. महामार्गावर ट्रकच्या मागे ८० ने चालताना पाय थोडा दाबला की दोन हजार फेऱ्यांवरून ती ज्या सहजतेने पुढे सरकते, त्यासाठी मी दुसरी गाडी घेणार नाही. आवाजाची अपेक्षा मात्र ठेवू नका, सकाळी थंड इंजिनाचा आवाज डिझेलचाच आहे. ही मजा सांभाळून माझे पाच वर्षांचे सरासरी ॲव्हरेज १८.४ आहे. हिशेबी यांनी धरलेला आकडा योग्य आहे.

हिशेबी :

दोन गाड्यांतून निवड करताना आणखी एक मुद्दा विसरू नये. २०१० ची गाडी युरो ५ या युरोपीय प्रदूषण मानकाची आहे, ज्यात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला १८० मिलिग्रॅम होती. युरो ६ मध्ये ती ८० वर आली. अनेक मोठ्या शहरांनी जुन्या डिझेल गाड्यांवर प्रवेशबंदी किंवा शुल्क लावताना हीच रेषा धरली आहे. शिवाय सहाव्या पिढीच्या जीटीडीचे इंजिन ईए१८९ या कुळातले आहे, ज्याचे चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवण्याचे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीला आले आणि ज्यासाठी नंतर सॉफ्टवेअर बदलून देण्यात आले. तो बदल झाला आहे की नाही, हे कागदांत असले पाहिजे. सातव्या पिढीत ईए२८८ हे नवे इंजिन आहे. २०१४ च्या सर्वच गाड्या मात्र युरो ६ च्या नाहीत, कारण त्या वर्षी दोन्ही मानकांच्या गाड्या विकल्या जात होत्या. नोंदणीपत्रावर वाचूनच खात्री करा. उद्या ही गाडी तुम्हाला विकायची झाली, तर किंमत या एका ओळीवर ठरेल.

सहावागिअर :

काल सकाळी साडेसातला दुसरी गाडी पाहून आलो. बॉनेट थंड होते. नळीत फिरवलेले बोट किंचित राखाडी झाले, इतकेच. गाडी पहिल्याच फिरकीला सुरू झाली, धूर दिसला नाही आणि बंद करताना कान देऊन ऐकले तरी खडखड ऐकू आली नाही. ऑइलची पट्टी काढली तेव्हा पातळी दोन खुणांच्या मधोमध होती, वास डिझेलचा नव्हता.

सोबतच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. शेवटची साफसफाई २१२ किलोमीटरपूर्वी पूर्ण झाली होती. राखेचा आकडा मर्यादेच्या निम्म्याच्या थोडा पुढे आहे. चारपैकी तीन इंजेक्टर जवळजवळ सारखे आहेत. तिसऱ्या सिलिंडरचा थोडा वेगळा आहे, पण मेकॅनिकच्या मते आत्ता काळजी करण्याइतका नाही. पावत्यांची जाड फाइल मालकांनी स्वतःहून टेबलावर ठेवली. ५०७.०० चा आकडा प्रत्येक सर्व्हिसच्या पावतीवर आहे. डीएसजीच्या तेलाची पहिली पावती ५९,००० ची, दुसरी १,२४,००० ची आहे. नोंदणीपत्रावर युरो ६ लिहिले आहे.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. पुढच्या डाव्या टायरची आतली कड तळहाताला खरखरीत लागली, आणि टायमिंग बेल्टची पावती फाइलमध्ये कुठेच नाही. मालक म्हणाले की कंपनीने सांगितलेले किलोमीटर अजून भरायचे आहेत. मी वर्षांचा मुद्दा काढला तेव्हा त्यांनी पुस्तिका मागवली, आम्ही दोघांनी मिळून ते पान वाचले आणि त्यांनी तो मान्य केला. बेल्ट, पाण्याचा पंप आणि पुढचे बुश यांचा अंदाजपत्रकाप्रमाणे होणारा खर्च किमतीतून वजा करायला ते तयार झाले आहेत.

बयाणा दिला आहे. शनिवारी गाडी ताब्यात घेऊन थेट पानापक्कड यांनी सांगितल्याप्रमाणे बेल्टच्या कामाला लावणार आहे, आणि ते काम होईपर्यंत कामावर जुन्याच गाडीने जाईन.